कुवेतच्या वाळूत खेळून गेलेल्या खेळाडूंना

प्रिय खेळाडूंनो,

तुमची नावं या पत्रात लिहीत नाही. नावं लिहिली तर तुमचा दौरा कधी आणि कुठे होता हे कुणीही शोधून काढेल, आणि त्यावरून आमची लेक कुठल्या तळावर आहे तेही कळेल. सैनिकांच्या घरच्यांना युनिटकडून पहिली सूचना मिळते ती हीच: तारखा, ठिकाणं, नावं कुठेही टाकू नका. म्हणून कुवेतमधला अमेरिकेचा एक तळ आणि तिथल्या सैनिकांबरोबर बीच व्हॉलीबॉल खेळून गेलेले तुम्ही चौघं व्यावसायिक खेळाडू, दोन मुली आणि दोन मुलगे, एवढंच लिहिते. तुमचं तुम्हाला कळेलच.

इंग्रजीत आभाराच्या चार ओळी दौऱ्याच्या संयोजकांकडे पाठवल्या आहेत. पण मनातलं सगळं मला मराठीतच लिहिता येतं. शिवाय अमेरिकेच्या सैन्यात मुलं असलेली मराठी घरं आता इथे आहेत. गावाकडे तर ज्यांचं कुणी ना कुणी सीमेवर आहे अशी घरंच घरं. मी कशाबद्दल आभार मानते आहे ते त्यांना फार समजावून सांगावं लागणार नाही.

आमची लेक आर्मीत जनरेटर दुरुस्त करते. तुम्ही तिथे जाण्याआधी आमचे फोन कसे व्हायचे ते सांगते. जेवलीस का, झोप झाली का, ऊन किती आहे. ती म्हणायची, हो, झाली, खूप आहे. पुढे काय विचारायचं? आज काम काय केलंस हे विचारायचं नाही, कोण आलं, कोण कुठे गेलं हे तर मुळीच नाही. तिला सांगता येत नाही आणि नाही म्हणताना तिला त्रास होतो, हे मला ऐकू यायचं. मग मी इथल्या भाजीच्या, शेजारच्यांच्या, तिच्या मावशीच्या गोष्टी सांगत राहायची. फोन ठेवला की वाटायचं, आपण बोललो खरं, पण भेट काही झाली नाही.

हे आमच्या घराला नवीन नाही. मी सातारा जिल्ह्यातली. पहिल्या महायुद्धात पुण्याची 6 वी डिव्हिजन 1914 मध्ये आजच्या इराकमधल्या बसऱ्याला पोचली, तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या. माझे पणजोबा त्याच मोहिमेत होते. बसरा म्हणजे कुवेतच्या सीमेपासून थोडं उत्तरेला, नकाशावर बोटाच्या पेराएवढं अंतर. हिंदुस्थानी शिपायांची पत्रं तेव्हा सेन्सॉरच्या नजरेखालून जात. पणजी सांगायची म्हणे, की पत्रात एकच मजकूर असायचा: आम्ही इकडे खुशाल, तिकडची खुशाली कळवणे. माणूस जिवंत आहे एवढं कळायचं. तो दिवसभर काय करतो, कशाला हसतो, कुणाशी भांडतो, यातलं काही नाही. शंभर वर्षांनी माझ्या हातात व्हिडिओ कॉल आला तरी मजकूर तोच राहिला होता.

आणि मग तुमच्या भेटीनंतरचा फोन आला. मी जेवलीस का विचारायच्या आत ती बोलायला लागली. थांबेचना. तिचे बाबा कामावरून आले, शेजारी बसले, त्यांचा चहा गार झाला, तरी तिचं चालूच. खेळात लपवायचं काय असतं? कुणी कुणाला कसं हरवलं, कोण वाळूत तोंडावर पडलं, कुणाची सर्व्हिस थेट कुंपणापलीकडे गेली, सगळं सांगता येतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच तिच्याकडे अख्खी सांगण्याजोगी गोष्ट होती. त्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे. त्या संध्याकाळी तळावर करमणूक झाली असेलच, पण इथे आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल.

मला त्यातलं सगळं समजत होतं, हेही तुम्हाला कळायला हवं. मी शाळेच्या संघात व्हॉलीबॉल खेळले आहे. लिफ्टर होते, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारी. सहा जणींचा संघ, मुरमाचं मैदान, गुडघे कायम सोललेले. त्यामुळे ती म्हणाली, "आई, दोघांनी आठ बाय आठ मीटर सांभाळायचं!" तेव्हा माझ्या पायांत गोळे आले. बदली खेळाडू नाही, लिफ्टर वेगळा नाही. ज्याने पहिला चेंडू घेतला त्यालाच धावत जाऊन स्मॅशही मारायचा. तुमचा चेंडू हॉलमधल्या चेंडूपेक्षा कमी हवेचा असतो आणि वाऱ्याने हेलकावतो. म्हणून दर 7 गुणांनी बाजू बदलायच्या, म्हणजे वारा कुणा एकाचा सोबती होत नाही. आमच्या वेळी बोटांनी हलकेच चेंडू पलीकडे टाकला की टाळ्या पडायच्या. तुमच्याकडे तो फाउल! बोटं दुमडून पेरांनी ढकलायचा. हे तिने मला फोन टेबलावर उभा करून, मूठ अर्धी मिटून दाखवलं. मी इकडे तसंच करून पाहिलं. तिचे बाबा आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

सगळ्यात जास्त ती रमली होती पाठीमागच्या खुणांत. नेटजवळचा गडी सर्व्हिस करणाऱ्या जोडीदाराला दिसेल असा कंबरेमागे हात नेतो. एक बोट म्हणजे लाइनचा, कडेच्या रेषेलगतचा सरळ फटका अडवीन, दोन बोटं म्हणजे तिरपा अडवीन, मूठ म्हणजे ब्लॉकला उडणार नाही, मागे येईन. तुमच्यातल्या एकीने तिला जोडीदार म्हणून घेतलं, आधी या खुणा शिकवल्या आणि मग सामन्यात त्या खरोखर वापरल्या. पाहुणे कलाकार येतात, गातात, फोटो काढून जातात, त्यांचंही मोल आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका अजून उतरलीही नव्हती तेव्हा, 1941 मध्ये, सैनिकांच्या करमणुकीसाठी यूएसओ ही संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून नामवंत माणसं तळातळांवर जाताहेत. पण गाण्याला प्रेक्षक बसून राहतो. तुम्ही प्रदर्शनीय सामना थोडक्यात आटपला आणि मग एकेक व्यावसायिक खेळाडू, त्याच्या जोडीला एकेक सैनिक, असे डाव लावलेत. तिथे कॅप्टन आणि कालचा भरती झालेला पोरगा समोरासमोर आले आणि पोराने कॅप्टनची सर्व्हिस परत फिरवली. हे मला नुसतं बघण्यापेक्षा फार मोठं वाटतं.

लोकांना वाटतं, कुवेतमध्ये काय, वाळूच वाळू, बीच व्हॉलीबॉलला आणखी काय हवं? मलाही तिनेच सांगितलं, की वाळवंटाची वाळू या खेळाच्या फारशी कामाची नाही. ती पिठासारखी बारीक, पाय पडला की धुरळा, आणि खाली जमीन टणक. खेळाची वाळू धुतलेली, चाळलेली लागते आणि निदान 40 सेंटिमीटर खोल. तळावरच्या कोर्टात ती एवढी कुठली असणार? तरी तुम्ही तिथे सूर मारलेत. उन्हाचं तर बोलायलाच नको. कुवेतच्या मित्रिबा इथे जुलै 2016 मध्ये 53.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली आहे. तुम्ही गेलात तेव्हा एवढं नव्हतं, पण दुपारी तापलेली वाळू संध्याकाळपर्यंत निवत नाही. तुम्ही सँड सॉक्स, म्हणजे वाळूत खेळायचे मोजे, घालून आला होतात. समोरची पोरं अनवाणी आहेत हे पाहून तुमच्यातल्या एकाने स्वतःचे काढून ठेवले, हे ती दोनदा सांगत होती. तेवढं करायची काही गरज नव्हती. मला ते आवडलं, पण पायांची काळजी घ्या हेही एक आई म्हणून सांगते.

मी नंतर तुमच्या खेळाविषयी थोडं वाचलं. 1996 मध्ये अटलांटाला बीच व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं आणि पहिलं पुरुषांचं सुवर्णपदक कार्च किराय आणि केंट स्टेफिसने जिंकलं. हॉलमधली दोन सुवर्णपदकं किरायकडे आधीच होती! एवढ्या मानाचा खेळ, पण पैसा मात्र मोजक्यांनाच. तुमची व्यावसायिक मालिका, एव्हीपी, 1983 पासूनची, तीसुद्धा पैशांअभावी 2010 मध्ये ऐन हंगामात बंद पडली होती. कितीतरी खेळाडू खेळासोबत दुसरी नोकरी करतात. अशा खेळाडूने सरावाचे दिवस बाजूला ठेवून, विमानं बदलत, धुळीत जाणं म्हणजे काय, हे त्या हिशेबात बघितल्यावर मला समजलं. ते दिवस तुम्हाला कुणी परत देणार नाही.

जाताना तुम्ही सह्या केलेले चेंडू ठेवून गेलात. पोरांनी ते कपाटात ठेवायचं ठरवलं, तर म्हणे तुमच्यातलीच एक मुलगी रागावली: खेळायला दिलेत, सह्या गेल्या तरी चालतील. त्या केव्हाच गेल्या आहेत. ड्युटी संपल्यावर रोज डाव पडतो. जनरेटरवाल्यांचा एक संघ आहे, स्वयंपाकघरवाल्यांचा एक, आणि तूर्तास स्वयंपाकघरवाले पुढे आहेत. आता फोनवर मी आधी स्कोअर विचारते. लेक हरली असली तर चिडून सांगते, आणि तिचं ते चिडणं ऐकून मला बरं वाटतं.

दोन विनंत्या आहेत. असे दौरे पुढेही होतील तेव्हा चेंडूंबरोबर एक चांगलं नेट आणि हवा भरायचा पंप ठेवून या, तिथलं नेट मधोमध लोंबतं. आणि लेक परत आली की आम्ही तिघं इथल्या कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचला तुमची स्पर्धा बघायला येणार आहोत. सामन्यानंतर पाच मिनिटं काढा. डबा घेऊन येते. पुरणपोळ्या प्रवासात टिकतात.

तुमची कृतज्ञ,
जनरेटरवालीची आई
कॅलिफोर्निया