मेट्रोपोलिस दाखवणाऱ्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

जूनमधल्या सुपरमॅन उत्सवाच्या तोंडावर आमच्या खोलीचे आरक्षण रद्द झाले, तेव्हा केवळ एका मित्राच्या शब्दाखातर आपण आम्हांला केंटकी राज्यातल्या पडूका शहरातील आपल्या घरी उतरवून घेतलेत आणि दुसऱ्या दिवशी स्वतः गाडी काढून ओहायो नदीपलीकडच्या मेट्रोपोलिसला घेऊन गेलात, याबद्दल मनःपूर्वक आभार.

दक्षिण इलिनॉयमधले, जेमतेम सहा हजार वस्तीचे ते गाव एका कल्पित नायकाला आपला गाववाला का म्हणते, हे आपण सांगितले नसतेत तर आम्ही पुतळ्यापाशी फोटो काढून परतलो असतो. कॉमिक्समधल्या सुपरमॅनच्या शहराशी असलेले नामसाधर्म्य हेरून गावाने १९७२ मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकांची, म्हणजे डीसी कॉमिक्सची, आणि राज्याच्या प्रतिनिधिगृहाची मान्यता मिळवली आणि कॉमिक्समधल्या ‘डेली प्लॅनेट’च्या धर्तीवर स्थानिक वृत्तपत्राचे नावही ‘मेट्रोपोलिस प्लॅनेट’ केले. भव्य करमणूक उद्यानाचा बेत मात्र तेलसंकटाच्या काळात बारगळला. १९८६ चा सात फुटी फायबरग्लासचा पुतळा तर लोकांना पसंतच पडला नाही, आणि सुपरमॅनला खरोखर गोळी लागत नाही ना, याची काहींनी त्याच्यावर परीक्षाही घेतली, हे आपल्या तोंडून ऐकताच माझी आई, जी तोवर गाडीतून उतरायलाही नाखूश होती, खळखळून हसली.

१९९३ मध्ये कोर्टासमोर उभारलेल्या पंधरा फुटी ब्राँझच्या पुतळ्यापाशी आपण तिला मुद्दाम पायथ्याच्या विटा दाखवल्यात. देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशी त्यांवर देणगीदारांची नावे कोरलेली पाहून तिला त्या गावाबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला. (मुलांना अर्थातच विटांशी काही देणेघेणे नव्हते, अंगभर निळा पोशाख घालून, घामाघूम होऊन सरबत पिणारे एक आजोबा त्यांना पुरेसे होते.) सुपरमॅनची प्रेयसी असलेल्या पत्रकार लोइस लेनच्या पुतळ्याला दूरचित्रवाणीवर ती भूमिका केलेल्या नोएल नील यांचा चेहरा आहे आणि २०१० मध्ये त्याच्या अनावरणाला त्या स्वतः आल्या होत्या, हेही आपल्यामुळेच कळले.

भर उन्हात आईसाठी आपण घडीची खुर्ची सोबत आणलीत आणि मिरवणूक संपेपर्यंत तिच्याजवळ उभे राहिलात. ती खुर्ची अजून आमच्या गाडीतच आहे. दिवाळीला आपण उभयतांनी सेंट लुईसला आमच्याकडे यावे, तेव्हा ती परत करू; फराळाची जबाबदारी आईने घेतली आहे.

आपला नम्र,
एक सेंट लुईसकर