बांगड्या न फोडणाऱ्या मावशींस

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार. तुमचे नाव मला ठाऊक आहे. परंतु तुम्हाला विचारल्यावाचून ते चारचौघांत लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून वॉर्डातील साऱ्याजणी मारतात तीच हाक येथे मारते. माझ्या शस्त्रक्रियेला सहा महिने होऊन गेले. केमोचे शेवटचे सलाईन गेल्या पंधरवड्यात झाले, आणि बोटांची बधिरता थोडी उतरल्यावर लिहायला घेतलेले हे पहिलेच पत्र आहे.

मिरजेला येण्याआधीचे आठ महिने मी कसे घालवले, ते तुम्हाला कधी सांगितले नाही. डाव्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ लागली, तेव्हा मी आमच्या तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे गेले होते. "दुखत नाही ना? मग घाबरायचे कशाला!" असे म्हणून त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. सोनोग्राफी नाही, मॅमोग्राफी नाही, सुईने तुकडा काढून तपासणे तर दूरच. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि न दुखणारी गाठच आधी तपासायची असते, हे मला फार उशिरा कळले; त्यांना ते तेव्हाच कळायला हवे होते. त्याहून अधिक सलते ते हे, की तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईशी ते एक शब्दही बोलले नाहीत. गाठ माझी, आणि प्रश्नोत्तरे सगळी आमच्या यजमानांशी! आठ महिन्यांनी निदान झाले तेव्हा आजार काखेतील गाठींपर्यंत पोचला होता.

आमच्या भागात "मिरजेला नेले" एवढे म्हटले की ऐकणारा पुढचे विचारत नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली येथे रुग्णालय उघडल्यापासून लोकांची ही सवय आहे. मीही त्याच धास्तीने आले. शस्त्रक्रिया, सह्या, रक्ताच्या तपासण्या यांविषयी लिहीत नाही. ते सर्वांच्याच वाट्याला येते. मला लिहायचे आहे ते त्या सकाळच्या पाऊण तासाविषयी.

थिएटरमध्ये नेण्यापूर्वी अंगावरचे सगळे उतरवायचे होते. मंगळसूत्र मी स्वतः काढून लेकीच्या हाती दिले, पण हातातल्या हिरव्या बांगड्या निघेनात. रात्रभरच्या सलाईनने मनगटे सुजली होती. कोणीतरी दारातूनच म्हणाले, "फोडून टाका पटकन, उशीर होतोय." ते वाक्य माझ्या कानांत कसे शिरले, ते सांगायचे तर मी नऊ वर्षांची असताना वडील गेले, तिथपर्यंत मागे जावे लागेल. आईचे दोन्ही हात धरून अंगणातल्या दगडावर तिच्या बांगड्या फोडल्या, तो आवाज मी ऐकलेला आहे. पलीकडच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ही विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा वर्तमानपत्रातली ती बातमी कापून मी पाकिटात ठेवली होती. माझे यजमान तर बाहेर बाकावर धडधाकट बसले होते. तरीही मी रडू लागले, आणि कशासाठी ते मला कोणाला सांगता येईना.

तुम्ही काही विचारले नाही. "फोडायच्या नाहीत ताई, काढायच्यात," एवढेच म्हणालात, आणि खोबरेल तेल व साबणाचे पाणी घेऊन माझ्यापाशी बसलात. अंगठा तळहाताकडे दाबून धरायचा, एक बांगडी हलकेच फिरवत उतरवायची, मग थांबायचे. तुमची ती लय मला आजही आठवते. दारातून दोनदा हाक आली, तरी तुमचा हात घाईवर आला नाही. तेरा बांगड्या निघाल्या. एकही वाढली नाही. त्या तुम्ही मोजून दोऱ्यात ओवल्यात, लेकीकडे दिल्यात आणि तिलाही मोजायला लावल्यात.

चांगुलपणाविषयी आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. मीही शाळेत पुष्कळ केली. दुसऱ्याच्या भीतीला हसायचे नाही आणि तिचे कारणही खोदून विचारायचे नाही, एवढी समज मात्र मला त्या भाषणांत कधी मांडता आली नाही.

चौथ्या दिवशी निचऱ्याची नळी आणि पिशवी सांभाळत मी बांगड्या पुन्हा चढवू लागले, तेव्हा तुम्हीच माझा डावा हात धरलात. काखेतील गाठी काढल्यामुळे त्या हाताला सूज येऊ शकते, तेव्हा यापुढे त्यात घट्ट काही घालायचे नाही, त्या हातावर सुई टोचू द्यायची नाही, रक्तदाबही मोजू द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होतेच; माझ्या डोक्यात ते शिरले तुमच्या तोंडून. मग तेराच्या तेरा बांगड्या तुम्ही माझ्या उजव्या हातात भरल्यात आणि म्हणालात, "आता हा हात दोन्ही हातांचं वाजवील." छाती सपाट झाल्यानंतर मी प्रथम हसले ते तेव्हा. टाके ओढले गेले, तरी हसले.

तुम्हाला देऊ केलेले पैसे तुम्ही परत केलेत, याचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या महिन्यात तपासणीसाठी मिरजेला यायचे आहे. तुमची सकाळची ड्यूटी असली तर भेट होईलच. नसली तर घरच्या बागेतल्या बेदाण्याची पिशवी वॉर्डात ठेवून जाईन. ती तरी परत पाठवू नका.

तुमची,
सात नंबरच्या खाटेवरची बाई