तक्त्यात हे रकानेही हवेत

महोदय,

केबल आणि इंटरनेट कंपन्यांची तुलना करणारे तक्ते वर्तमानपत्रांत अधूनमधून येतात. त्यांत दर असतो, डाउनलोड स्पीड असतो. नव्या घरात राहायला जाणाऱ्याचं त्याने फारसं भागत नाही. महानगरात कंपन्या ढीगभर असल्या तरी आपल्या इमारतीत वायर बहुधा एकदोघांचीच आलेली असते. त्यातही फायबर थेट घरात येतं, की खालच्या पेटीपर्यंत फायबर आणि वर जुनीच तांब्याची तार, हे खोदून विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

जाहिरातीतले १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून साडेबारा मेगाबाइट, तेही ‘पर्यंत’. एक गिगाबाइटची फाइल ८० सेकंदांत उतरते. पण तीच पाठवायची झाली तर? टीव्हीच्या केबलवरून येणाऱ्या इंटरनेटला अपलोड सहसा बेताचाच असतो. तो १० असेल, तर त्याच फाइलला तेरा मिनिटांहून जास्त लागतात. घरून काम करणाऱ्यांचे व्हिडिओ कॉल अनेकदा इथेच अडकतात, आणि लोक मात्र डाउनलोडचा आकडा वाढवून घेत बसतात.

फायबरलाही वाटेकरी असतात. एकाच फायबरला फांद्या फोडून अनेक घरं जोडणाऱ्या प्रचलित जीपॉन पद्धतीत सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. म्हणून कनेक्शन घेण्याआधी त्याच कंपनीचं इंटरनेट असलेल्या शेजाऱ्याकडे रात्री नऊच्या सुमारास स्पीड तपासावा, तोही लॅन केबल लावून. वायफायवर दोष नक्की कोणाचा ते कळत नाही. कधी कधी ३०० चा प्लॅन असूनही आकडा ९४-९५ च्या वर सरकतच नाही. अशा वेळी कंपनीच्या नावाने बोटं मोडण्याआधी राउटर बघावा. त्याचं पोर्टच (केबल खोचायची जागा) १०० चं असतं, नाहीतर लॅन केबलच्या आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतात. (राउटर कंपनीनेच दिलेला असेल, तर बोटं खुशाल मोडावीत.)

टीव्ही आणि इंटरनेटच्या ‘कॉम्बो’बद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. एक वायर तुटली की दोन्ही बंद, आणि एक सोडायला गेलं की दुसऱ्याची सवलत जाण्याची शक्यता.

तेव्हा तुमच्या तक्त्यात अपलोड स्पीड, सवलत संपल्यानंतरचा दर आणि कराराची मुदत हे तीन रकाने वाढवावेत, ही विनंती. एखादी कंपनी आकडे देणार नसेल, तर तिच्या नावापुढचा रकाना कोराच छापावा.

– एक वाचक