पट्टी हातात देणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, सप्रेम नमस्कार.

जुन्या बोलेरो पिकअपचं पुढचं डावं चाक चालता चालता चिरकायचं. तुमच्याआधी ज्यांनी बघितलं, त्यांनी चाकाच्या भोकातून बॅटरी मारली, ‘ब्रेकचे पॅड भरपूर आहेत’ म्हणाले, पॉलिश पेपर घासला आणि पैसे घेतले. अहो, भोकातून दिसतो तो बाहेरचा पॅड! एका महाशयांनी तर न मोजताच नवी डिस्क, म्हणजे पॅड जिला धरतात ती चाकाबरोबर फिरणारी तबकडी, टाकायला सांगितली.

तुम्ही कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, उतरवलात, दोन्ही पॅड कागदावर शेजारी-शेजारी मांडलेत आणि स्टीलची पट्टी आमच्या ड्रायव्हरच्या हातात दिलीत. ‘तूच मोज.’ बाहेरचा ७ मिमी, आतला जेमतेम २. त्यानं ते मोठ्यानं वाचेपर्यंत तुम्ही पान्याला हात लावला नाहीत. गाडीवाल्याला काय कळतंय, असं धरून चालणाऱ्या या धंद्यात हे फार मोठं वाटलं. आभार मुख्यतः या गोष्टीचेच.

मग दाखवलीत कॅलिपर जिच्यावर सरकतो ती, गंजून जाम झालेली खालची पिन. तिचं रबर फाटलेलं, आत पाणी गेलेलं. पॅडला ढकलणारा पिस्टन आतल्या बाजूला. पिन सरकली नाही की कॅलिपर सरकत नाही, जोर आतल्या पॅडवर येतो आणि ब्रेक सोडला तरी तो डिस्कला घासत राहतो. पॅड ३ मिमीच्या आसपास आला की त्याच्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला टेकते. चिरकत होती ती हीच. नुसते पॅड बदलले असते, तर नवेही आतूनच संपले असते.

पिनांना सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ थरानं; साध्या चॅसी ग्रीसनं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅड पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम, नाहीतर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते. आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत पंप मारायचा, हे ड्रायव्हरला दोनदा बजावलंत ते बरं केलंत. डिस्क मोजलीत, तिच्यावरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जास्त भरली, ‘चालू दे’ म्हणालात. बिलात तिचं नाव नाही!

जाता जाता मागच्या ड्रम ब्रेकची बारीक कुईकुईही तुमच्या कानांनी टिपली. ड्रममागच्या पत्र्यावर, बॅकप्लेटवर, शू (ड्रमला आतून घासून थांबवणारे तुकडे) टेकतात त्या जागा कोरड्या असतील, पुढच्या सर्व्हिसला उघडू, घाई नाही, असं तुमचं म्हणणं. गाडी तुमच्याकडेच येईल.

आपला,
एक पिकअपमालक