ऑनलाइन छळासाठी वेगळे धोरण नको : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत शिकवते. मुलांच्या ऑनलाइन छळाचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा मोबाइलपाशी सुरू होते आणि मोबाइलपाशीच संपते. शाळेत फोनबंदी करावी, समाजमाध्यमांसाठी वयाची अट घालावी, सायबर सुरक्षेवर एखादे व्याख्यान ठेवावे, असे उपाय सुचवले जातात. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे आणि तसा कायदा इतरत्रही व्हावा, अशी मागणी ऐकू येते. या उपायांना माझा विरोध नाही. ऑनलाइन छळासाठी एक धोरण आणि वर्गातल्या छळासाठी दुसरे, अशी विभागणी मात्र आपण करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. कारण बहुतेक वेळा छळणारी मुले तीच असतात आणि सोसणारे मूलही तेच असते.

हे केवळ माझे निरीक्षण नाही. इंग्लंडमधील पंधरा वर्षांच्या एक लाखाहून अधिक मुलांच्या उत्तरांवर आधारलेला एक अभ्यास २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांच्या समूहातील एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपला नियमित छळ होतो, असे त्यात सुमारे ३० टक्के मुलांनी सांगितले होते. परंतु ज्यांचा छळ फक्त ऑनलाइन होत होता, अशी मुले एकूण मुलांच्या एक टक्काही नव्हती. ऑनलाइन छळ सोसणाऱ्या बहुतेक मुलांना समोरासमोरचा छळही चुकलेला नव्हता. शालेय छळाच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घालणारे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस हेही याच निष्कर्षाला आले होते.

याचा अर्थ पडद्यावरचा छळ सौम्य असतो, असा कोणी काढू नये. शाळा सुटली की पूर्वी निदान रात्रीपुरती सुटका होत असे. आता उशाशी ठेवलेला फोन तीही मिळू देत नाही. ओल्वेयस यांच्या व्याख्येत छळ म्हणजे जाणूनबुजून, वारंवार आणि दुबळ्या बाजूला असलेल्याला दिलेला त्रास. पडद्यावर यातले ‘वारंवार’ फार स्वस्त होते, कारण एका मुलाने एकदाच टाकलेले छायाचित्र पुढे पाठवले जात राहते आणि मूळ टाकणारा ते विसरून गेल्यावरही सोसणाऱ्याला ते रोज नव्याने भेटते. शिवाय समोरच्याचे डोळे भरून आलेले दिसले की काही मुलांचा तरी हात आखडतो. पडद्याआड तो चेहराच दिसत नाही.

तरीही मोठ्या माणसांच्या दृष्टीने या दोहोंत सर्वांत मोठा फरक पुराव्याचा आहे, आणि आपली धोरणे नेमकी तिथे चुकतात. ऑनलाइन छळाचा माग राहतो. पालक स्क्रीनशॉट घेऊन येतात, मुख्याध्यापक तो वाचतात, बैठक होते. वर्गात मात्र एखादी मुलगी उत्तर द्यायला उभी राहताच मागच्या बाकावरून तिच्या अडखळण्याची हलक्या आवाजात नक्कल होते, चार-पाच जणी माना खाली घालून हसतात, आणि शिक्षकाने फळ्याकडून वळून पाहीपर्यंत सगळे चेहरे पूर्ववत झालेले असतात. त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. तिने तक्रार केलीच, तर ‘मस्करी केली असेल, एवढे काय मनावर घेतेस’ हेच तिला ऐकावे लागते. संध्याकाळी तीच नक्कल ध्वनिसंदेश होऊन वर्गाच्या ग्रुपवर फिरू लागली, की मग आपल्याला सायबर गुन्हा दिसतो. सकाळी कोणी लक्ष घातले असते, तर संध्याकाळ बहुधा टळली असती.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ग्रुपवर घडलेले शाळेबाहेरचे, शाळेच्या वेळेनंतरचे, म्हणून आमचा संबंध नाही, असे अनेक शाळा सांगतात. पण त्या ग्रुपमधली सगळी मुले दुसऱ्या दिवशी एकाच वर्गात बसतात. म्हणून छळ कुठे आणि किती वाजता झाला, या कारणावरून कोणत्याही शाळेने तक्रार परत पाठवू नये, असा स्पष्ट नियम आपण करावा. सोसणाऱ्या मुलाचा फोन काढून घेणे हा उपाय मानू नये, हेही त्यात लिहावे. कारण ‘सांगितले तर आधी माझाच फोन जाईल’ या भीतीने किती तरी मुले तोंड उघडत नाहीत.

छळ होताना पाहणाऱ्या मुलांविषयी धोरणात बहुधा एक ओळही नसते, याचे मला फार वाईट वाटते. कॅनडातील शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून झालेल्या आणि २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की एखादे मूल मध्ये पडले तर निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. फिनलंडमधला ‘किवा’ हा शाळांसाठीचा छळविरोधी कार्यक्रम याच पाहणाऱ्यांना हाताशी धरतो. काही ॲपच्या ग्रुपवर तर पाहणाऱ्यांची मोजदादच होते: कोणी कोणी संदेश वाचला, हे दाखवणाऱ्या खुणा सोसणारे मूल एकटे बसून पाहत असते, आणि वाचूनही कोणी काही बोलले नाही, हे मूळ संदेशाइतकेच त्याला लागते. सर्वांसमोर भांडणे शक्य नसेल, तर त्या मुलाला स्वतंत्रपणे ‘हे चुकीचे झाले’ एवढे लिहिणे, आणि एखाद्या विश्वासू शिक्षकाला कळवणे, हे मुलांना वर्गात सराव करून शिकवता येते. त्यासाठी वेळापत्रकात तास आणि शिक्षकांना प्रशिक्षण मिळावे.

शेवटची मागणी तक्रारीनंतरच्या दिवसांविषयी आहे. दोघांना समोरासमोर उभे करून माफी मागायला लावायची आणि प्रकरण मिटले असे नोंदवायचे, ही रीत आपण थांबवावी, कारण ज्याच्याकडे बळ कमी आहे, त्याच्यासाठी ती खोली पुन्हा तोच वर्ग असतो. त्याऐवजी दोघांशी वेगवेगळे बोलावे, आणि काही आठवड्यांनी त्या मुलाला एकट्याने बोलावून वर्गात आणि फोनवर, दोन्हीकडे आता काय चालले आहे, हे विचारणे शाळेवर बंधनकारक करावे.

आपली नम्र,
एक माध्यमिक शिक्षिका