एक्केचाळीस आउटची कारकीर्द

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलेला दिनेश पटेल दोन मोसमांत परत का आला, आणि भालाफेक करणाऱ्या भाच्याला पिचिंगकडे, म्हणजे बेसबॉलमधल्या चेंडूफेकीकडे, वळवावं का, हे दोन्ही प्रश्न तू एकाच दमात विचारलेस. खरं तर पहिल्याच्या उत्तरातच दुसऱ्याचं उत्तर आहे.

आधी हिशेब. भारतात बेसबॉलचे पिचर शोधणाऱ्या २००८च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत रिंकू सिंग ताशी ८७ मैलांचा (१४० किमी) चेंडू टाकून पहिला आला, दिनेश दुसरा. दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, बेसबॉलशी ओळख शून्य. लॉस एंजलिसला पिचिंगचे प्रशिक्षक टॉम हाउस यांच्या हाताखाली काही महिने तालीम झाली आणि त्याच नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरट्स या व्यावसायिक क्लबनं दोघांना करारबद्ध केलं. २००९ साली दिनेश सगळ्यांत खालच्या पायरीवर, फ्लोरिडातल्या गल्फ कोस्ट लीगमध्ये ६⅓ इनिंग खेळला. फिल्डरच्या चुका वगळून त्यानं १ रन दिली. २०१०ला ७⅓ इनिंग आणि ७ रन. इथे इनिंग म्हणजे तीन आउट, तेव्हा सगळी कारकीर्द ४१ आउटची. नऊ इनिंगमागे दिलेल्या रनची सरासरी १.४२ वरून ८.५९ वर गेली खरी, पण एवढ्याशा शितावरून भाताची परीक्षा होत नाही. डिसेंबर २०१०मध्ये क्लबनं त्याला मोकळं केलं.

माझ्या मते अडचण जोराची नव्हतीच. भाला ८०० ग्रॅमचा. धावत येऊन, वरच्या दिशेनं सोडायचा. बेसबॉल १४५ ग्रॅमच्या आसपास. रबराच्या पट्टीला पाय टेकवून, दहा इंच उंच माउंडवरून, म्हणजे मातीच्या उंचवट्यावरून, एकच लांब ढांग टाकायची आणि साडेसाठ फुटांवरच्या १७ इंच रुंद प्लेटवर, बॅटरच्या पुढ्यातल्या पाटीवर, चेंडू खाली उतरवायचा. हात भाल्याच्या सवयीनं जरा लवकर सुटला, की चेंडू बॅटरच्या डोक्यावरून जातो. ते सुधारायला गेलं की उशिरा सुटतो आणि प्लेटच्या आधीच मातीत आपटतो. असे चार चेंडू बाहेर गेले की वॉक, बॅटरला पहिला बेस फुकट; नवख्याचे वॉक इथूनच वाढतात.

शिवाय नुसता वेग व्यावसायिक बॅटर दोन-तीन चेंडूंत ओळखतो. म्हणून चेंज-अप, म्हणजे फसवा हळू चेंडू, लागतो: चेंडू तळहातात खोल, अंगठा आणि तर्जनीचं कडं बाजूला, उरलेली तीन बोटं वर. हात फास्टबॉलइतक्याच झपाट्यानं फिरला पाहिजे; वेग पकडीमुळे ताशी आठ-दहा मैलांनी उतरतो. नवखा हातच हळू करतो, आणि बॅटरला ते लगेच दिसतं. त्यात पहिल्या बेसवर रनर असला की फेकण्याआधी पूर्ण थांबावं लागतं. नाही थांबलास तर बॉक हा नियमभंग, रनरला एक बेस फुकट. अमेरिकेतली पोरं हे आठव्या-दहाव्या वर्षापासून घोटतात. दिनेश विशीच्या उंबरठ्यावर शिकत होता.

आणि वेळ कोण देतो? तेव्हा दर जूनमध्ये ५० फेऱ्यांचा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांकडून नव्या खेळाडूंची निवड, व्हायचा. खालच्या पायरीवरची जागा अडवून ठेवणं क्लबला परवडत नाही. रिंकू डावखुरा, म्हणून त्याला थोडी जास्त सवड मिळाली असावी, हा आपला माझा अंदाज. २०१२ साली वेस्ट व्हर्जिनियात, अ श्रेणीत, म्हणजे आधीपेक्षा वरच्या पायरीवर, त्यानं ७२ इनिंग टाकल्या, सरासरी ३.००. म्हणजे तोवर चांगलं जमू लागलं होतं! पुढे कोपरानं घात केला. शस्त्रक्रियेत मोसम गेले, आणि २०१८ला तो डब्ल्यूडब्ल्यूईत कुस्तीला गेला. या शस्त्रक्रियेला टॉमी जॉन म्हणतात: कोपराच्या आतल्या बाजूच्या फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी बहुधा मनगटाकडचा स्नायुबंध ओवतात. परत माउंडवर यायला वर्ष ते दीड वर्ष.

तेव्हा भाच्याला पिचिंग करू दे, पण वेग मोजायचं यंत्र सध्या आणू नकोस. सोळाव्या वर्षी सामन्यात दिवसाला जास्तीत जास्त ९५ चेंडू. ७६ च्या वर गेले की चार दिवस पूर्ण सुट्टी, आणि त्या चार दिवसांत भालाही बंद. कोपराच्या आतल्या बाजूला दुखतंय म्हणाला, तर शेक देत बसू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याची पकड कशी आहे, याचे दोन-तीन फोटो पाठव; बोटं शिवणीच्या आडवी आहेत का, तेवढं दिसलं पाहिजे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश