आबांचा सीआरपी

कोल्हापूर,
रविवार, रात्र

भावा संज्या,

फोनवर धड बोलणं झालं नाही, म्हणून लिहितोय. आबा परवा घरी आले. वाटीभर पांढरा रस्सा प्याले, तांबड्याकडं बघून मात्र तोंड फिरवलं. म्हणजे अजून पुरते बरे नाहीत.

मूळ दुखणं लघवीच्या इन्फेक्शनचं. आम्ही आठवडाभर ‘उन्हाळी लागलीय’ म्हणत धण्याचं पाणी पाजत बसलो. मग एका रात्री हुडहुडी भरली आणि पहाटे ते मला चुलत्याच्या नावानं हाका मारायला लागले. आयसीयूत नेलं तेव्हा वरचं बीपी ८०, रक्तातलं लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढतं ते) ४. ते २ च्या वर गेलं तरी डॉक्टर सावध होतात. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनशी लढता लढता शरीर आपल्याच अवयवांना इजा करतं तो प्रकार.

दुसऱ्या दिवशी सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, १८० चा २४० झाला. मी जिन्यात बसून रडलो, खोटं कशाला सांगू. तिथल्या मॅडमनी समजावलं: सीआरपी यकृतात तयार होतो, चढायलाच सहा-आठ तास घेतो आणि शेंड्याला पोचायला दीड-दोन दिवस. शिळा पेपर वाचून आज रडण्यातला प्रकार! प्रोकॅल्सिटोनिन ही जंतूंच्या इन्फेक्शनची रक्तातली दुसरी खूण, ती लवकर उतरते. औषध लागू पडलं तर रोज साधारण निम्मं. आबांचं २४, मग १३, मग ६. मॅडम मात्र रिपोर्टआधी लघवीची पिशवी बघायच्या, लघवी नीट होतेय का ते.

एमडी करणारी एक पोरगी प्रबंधासाठी रक्त मागायला आली. ती मॅलॉनडायअल्डिहाइड मोजते. जंतू मारायला पांढऱ्या पेशी जो जहाल ऑक्सिजन सोडतात, त्यात आपल्याच पेशींच्या पडद्यातली चरबी पोळते आणि त्यातून हे मॅलॉनडायअल्डिहाइड तयार होतं. शेंगतेल खवट होतं तसंच, म्हणाली. तेलाचा खवटपणाही याच परीक्षेनं तपासतात. नळीत गुलाबी रंग येतो, जितका गडद तितकं नुकसान जास्त. मी सही केली. हे ऐकून मामा आवळ्याचा मुरंबा घेऊन हजर, व्हिटॅमिन सीनं हे पोळणं थांबेल म्हणून! पण सेप्सिसमध्ये शिरेतून भरपूर व्हिटॅमिन सी देऊन पाहिलंय. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात तर ते घेणाऱ्यांचे हाल जास्तच झाले. मुरंबा मीच संपवला.

काल पुन्हा रक्त दिलं. सीआरपी ३८. आबांना सांगितलं, तर म्हणाले, “शंभरातले? काठावर पास की रं!”

तुझा,
बाळ्या